कोणतं वाण लावू? कुंडीतल्या भेंडीतून शिकूया प्रयोगाची आखणी



मे महिना संपत आला की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो: "गच्चीत भेंडी लावायचीय, कोणतं बी घेऊ?" मी वनस्पतींच्या जनुकशास्त्रात पीएचडी करतेय, म्हणजे मला हे तोंडपाठच असणार असा लोकांचा समज. एखादं नाव सांगून मोकळं होता येतं. पण "सगळ्यात चांगलं वाण कोणतं?" या प्रश्नाचं उत्तर कुणालाच देता येत नाही, कारण प्रश्न अर्धाच विचारलेला असतो. कशासाठी चांगलं? कुठे चांगलं? कशापेक्षा चांगलं? आणि हे ठरवणार कसं?

तुमच्यापैकी जे पेट परीक्षा देऊन सिनॉप्सिसच्या तयारीला लागले असतील, त्यांना हे चार प्रश्न ओळखीचे वाटतील. गाईडसमोर विषय मांडला की तिकडूनही हेच येतात. म्हणून आज भाजीचं बी कसं निवडायचं ते बघू आणि त्यातूनच प्रयोगाची आखणी शिकू. उदाहरण मुख्यतः भेंडीचं घेते. बी मोठं, उगवण पटकन, साधारण दीड महिन्यात पहिली तोडणी आणि नंतर दर दोन-तीन दिवसांनी मोजायला काहीतरी हातात. शिकण्यासाठी यापेक्षा सोयीचं पीक सापडणं कठीण.

१. 'चांगलं' म्हणजे नेमकं काय?

बाजारासाठी पीक घेणाऱ्या शेतकऱ्याला एकसारख्या लांबीची, भरपूर निघणारी आणि वाहतुकीत न काळवंडणारी भेंडी हवी असते. घरी आपल्याला रोज थोडी थोडी मिळाली तरी चालते. उलट एखादा दिवस तोडायची राहिली आणि ती लगेच जून झाली नाही, तर ते वाण आपल्यासाठी चांगलं.

टोमॅटोत हा फरक आणखी स्पष्ट दिसतो. मर्यादित वाढीचं झाड ठरावीक उंचीला थांबतं आणि बहुतेक फळं थोड्याच दिवसांत देऊन मोकळं होतं. अमर्याद वाढीचं झाड वाढतच राहतं, त्याला काठीचा किंवा सुतळीचा आधार लागतो, पण फळं बरेच आठवडे येत राहतात. वर्षभराचा सॉस एकदम करायचा असेल तर पहिलं सोयीचं, रोजच्या आमटीपुरते दोन टोमॅटो हवे असतील तर दुसरं. इथे चांगलं-वाईट असं काही नाही, गरज वेगळी आहे इतकंच.

संशोधनाच्या भाषेत याला कार्यात्मक व्याख्या म्हणतात. 'चांगलं' हा शब्द मोजता येत नाही, त्याला मोजता येईल अशा रूपात आणायचं. भेंडीसाठी उदाहरणार्थ:

- पेरणीपासून पहिल्या तोडणीपर्यंत किती दिवस?
- एका कुंडीतून हंगामभरात किती कोवळ्या भेंड्या?
- साठाव्या दिवशी किती रोपांवर हळद्या रोगाची लक्षणं?

यातलं मुख्य मोजमाप कोणतं आणि दुय्यम कोणती, हे पेरणीच्या आधी वहीत तारखेसह लिहा. असं का? कारण आकडे हातात आल्यावर माणूस आपल्या आवडीचं वाण ज्या मोजमापात पुढे आहे, तेच मोजमाप महत्त्वाचं ठरवतो. मुद्दाम करतो असं नाही, नकळत होतं. आधी लिहिलेली ओळ हाच त्यावरचा उपाय.

२. वाणाच्या नावात पत्ता असतो, आणि तारीखही शोधायची असते

भाज्यांच्या वाणांची नावं नीट वाचली तर ती कुठून आली ते कळतं. 'पुसा' म्हटलं की नवी दिल्लीची भारतीय कृषी संशोधन संस्था, 'अर्का' म्हटलं की बंगळुरूची भारतीय बागवानी संशोधन संस्था, 'फुले' म्हणजे राहुरी, 'कोकण' म्हणजे दापोली आणि 'परभणी' म्हणजे अर्थातच परभणीचं कृषी विद्यापीठ.

पुसा सावनी या भेंडीची गोष्ट प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने माहीत करून घ्यावी अशी आहे. हळद्या हा भेंडीचा मोठा शत्रू. हा विषाणूजन्य रोग, पांढरी माशी तो पसरवते. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग पूर्ण पान पिवळं होतं, फळंही पिवळट आणि निबर होतात. पुसा सावनी आली तेव्हा या रोगापुढे टिकणारं वाण म्हणून तिचं नाव झालं आणि ती देशभर पसरली. पुढे तिची ही ताकद टिकली नाही, आणि आज ती हळद्याला बळी पडणारं वाण म्हणूनच ओळखली जाते. मग पैदासकारांनी भेंडीच्या रानटी नातेवाइकांकडून प्रतिकारशक्ती आणली. परभणीला पुसा सावनीचाच एका रानटी प्रजातीशी संकर करून निवड केली गेली, त्यातून 'परभणी क्रांती' आली. बंगळुरूची 'अर्का अनामिका'ही अशाच रानटी प्रजातीच्या मदतीने तयार झालेली.

यातून घ्यायचं काय? 'रोगप्रतिकारक' हा वाणाला कायमचा चिकटलेला गुण नाही. तो अमुक काळी, अमुक ठिकाणी, तिथल्या विषाणूंपुढे दिसलेला निष्कर्ष आहे. विषाणू बदलतात, माशीची संख्या बदलते. म्हणून संदर्भवाचन करताना "हे वाण प्रतिकारक आहे" एवढं वाक्य उचलून पुढे जाऊ नका. कधी तपासलं, कुठे तपासलं, कशाच्या तुलनेत, हे शोधा. नवीन वाणांनाही हाच नियम लागू.

३. पाकीट वाचायला शिका

कृषी सेवा केंद्रात गेलात तर तीन प्रकारचं बी भेटेल. सुधारित म्हणजे सरळ वाण, संकरित म्हणजे हायब्रीड, आणि गावठी, जे बहुतेक वेळा दुकानात नाही तर कुणाच्या तरी घरच्या डब्यात सापडतं.

संकरित बी हे दोन वेगळ्या शुद्ध वाणांच्या संकराची पहिली पिढी, म्हणजे एफ-१. ही झाडं एकमेकांसारखी आणि बऱ्याचदा जोमदार असतात. घोळ होतो तो त्यांच्या फळातलं बी पुढच्या वर्षी पेरल्यावर. ती एफ-२ पिढी, आणि तिथे मेंडेल हजर होतो. गुण विखुरतात. आई-वडील १० स्वतंत्र जनुकांच्या बाबतीत वेगळे होते असं धरलं, तर त्या दहाही जागी एफ-१ सारखीच रचना असलेलं झाड मिळण्याची शक्यता २ चा दहावा घात भागिले, म्हणजे १०२४ मध्ये १. म्हणून "मागच्या वर्षी तेच बी होतं, यंदा काय झालं?" असा प्रश्न पडतो. बी तेच नव्हतं, त्याची मुलं होती.

याचा अर्थ हायब्रीड वाईट असा नाही. दरवर्षी नवीन पाकीट घेणार असाल तर खुशाल घ्या. बी धरायचं असेल तर सरळ किंवा गावठी वाण घ्या. त्यातही पीक बघा. टोमॅटो, घेवडा, वाटाणा यांत बहुतांश स्वपरागीभवन होतं, बी धरणं सोपं. भेंडी, वांगी, मिरचीत मधमाश्या थोडाफार संकर घडवतात. दुधी, काकडी, दोडका यांची नर आणि मादी फुलंच वेगळी, त्यामुळे परपरागीभवन ठरलेलंच.

इथे एक गैरसमज दूर करते. शेजारच्या कुंडीतल्या दुसऱ्या वाणाचा पराग येऊन पडला, तर या वर्षीची भेंडी बदलत नाही. आपण खातो ते फळ मातृझाडाच्याच ऊतींचं असतं. बदल होतो तो आतल्या बीमध्ये, आणि तो दिसतो पुढच्या पिढीत. म्हणजे दोन वाणं जवळ लावून तुलना करायला हरकत नाही, पण त्या प्रयोगातलं बी शुद्ध म्हणून धरून ठेवू नका.

दुधीच्या बाबतीत हा मुद्दा नुसता शुद्धतेचा राहत नाही, जिवाशी येतो. कडू भोपळा आणि खायचा दुधी एकाच प्रजातीतले. दोघांचा संकर झाला आणि ते बी धरलं गेलं, तर पुढच्या वर्षी दिसायला उत्तम पण चवीला कडू दुधी लागू शकतो. हा कडूपणा कुकरबिटॅसिन नावाच्या विषारी संयुगांचा. कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात गंभीर विषबाधा झाली आहे आणि मृत्यूही झाले आहेत. दुधी कडू लागला की तो तिथेच टाकायचा, "औषधी असतो" म्हणून प्यायचा नाही, आणि त्या वेलाचं बीही ठेवायचं नाही.

पाकिटावर उगवणक्षमता, शुद्धता, वैधतेची तारीख आणि लॉट नंबर छापलेला असतो. प्रमाणित बियाण्यासाठी किमान उगवणीचे ठरलेले निकष आहेत: भेंडी ६५ टक्के, टोमॅटो ७० टक्के, मिरची ६० टक्के. लॉट नंबर वहीत लिहा, पाकिटाचा फोटो काढून ठेवा. पुढे प्रबंधात 'साहित्य आणि पद्धती' लिहिताना याच सवयीचा उपयोग होतो. बी गुलाबी किंवा निळसर रंगाचं असेल तर त्यावर बीजप्रक्रियेचं औषध असतं. ते खाण्यात येऊ देऊ नका, हात धुवा.

४. आपली जागा हा अर्धा प्रयोग आहे

आता 'कुठे?' हा प्रश्न. वालाचं पारंपरिक वेलवर्गीय वाण घ्या. फुलं यायला त्याला लहान दिवस लागतात. उन्हाळ्यात पेरलं तर वेल मांडव भरून टाकेल, पण शेंगा थंडीच्या तोंडावरच. बी खराब नव्हतं, रोग नव्हता, दिवस मोठा होता. 'अर्का जय'सारखी बुटकी वाणं दिवसाच्या लांबीवर अशी अवलंबून नसतात, म्हणून त्यांना वेळेचं बंधन कमी.

फ्लॉवरचंही तसंच. उशिराची 'स्नोबॉल' प्रकारची वाणं गड्डा धरायला चांगली थंडी मागतात. ती उबदार जागी लावली तर पानंच पानं. उलट लवकरचं वाण थंडीत उशिरा लावलं तर झाड लहान असतानाच बटणाएवढा गड्डा धरतं आणि तिथेच थांबतं. एका हवेत पहिलं येणारं वाण दुसऱ्या हवेत शेवटचं येऊ शकतं. याला जनुकरूप आणि पर्यावरण यांची आंतरक्रिया म्हणतात. कृषी विद्यापीठं एखादं वाण शिफारस करण्याआधी अनेक ठिकाणी, अनेक हंगामांत चाचण्या घेतात, त्यामागचं एक मोठं कारण हेच.

योहानसेन या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०३ मध्ये घेवड्यावर एक सुंदर काम प्रसिद्ध केलं. एकाच शुद्ध वंशातल्या मोठ्या आणि लहान बिया त्याने वेगवेगळ्या पेरल्या. पुढच्या पिढीत दोन्हींच्या बियांचं सरासरी वजन सारखंच! मोठं-लहान हा फरक जागेचा आणि पोषणाचा होता, जनुकांचा नव्हता. जनुकरूप आणि दृश्यरूप या दोन शब्दांसाठी लागणारे मूळ शब्द त्यानेच १९०९ मध्ये दिले. म्हणून शुद्ध वाणातलं सगळ्यात भरघोस झाड बघून "याचंच बी धरूया" म्हणण्याआधी ते झाड कुठल्या कोपऱ्यात होतं तेही बघा.

बी विकत घेण्याआधी एक दिवस काढा. सकाळी ८ ते संध्याकाळी ५, दर तासाला गच्चीच्या कुठल्या भागात थेट ऊन आहे त्याची नोंद करा. फळभाज्यांना साधारण सहा तास तरी ऊन हवं. तीनच तास मिळत असतील तर भेंडीच्या वाणांची तुलना करण्यापेक्षा मेथी, पालक, आळू यांच्याकडे वळा. कधी कधी प्रश्नच बदलणं हे योग्य उत्तर असतं.

५. दहापैकी आठ उगवले, म्हणजे ८० टक्के?

पेरणीआधी बरेच जण ओल्या कापडात १० बिया ठेवून बघतात. चांगली सवय आहे. आठ उगवल्या तर "८० टक्के उगवण" असं लिहिलं जातं. पण दहाच बिया तपासल्या असतील, तर ९५ टक्के विश्वासमर्यादा साधारण ४४ ते ९७ टक्के इतकी पसरट निघते. १०० पैकी ८० उगवल्या तर ती ७१ ते ८७ च्या आसपास येते, आणि ४०० पैकी ३२० उगवल्या तर ७६ ते ८४. बीज परीक्षण प्रयोगशाळा उगवण चाचणीला प्रमाण म्हणून ४०० बिया घेतात, ते उगाच नाही.

मग घरी चारशे बिया तपासायच्या? अजिबात नाही, पाकिटात तेवढ्या असतीलच असं नाही. घरचा प्रश्न एवढाच असतो की बी पेरण्यालायक आहे का. त्याला १० बिया पुरतात. दहापैकी दोनच उगवल्या तर पाकीट बदला, आठ उगवल्या तर पेरा. मात्र "या कंपनीचं ८० टक्के, त्या कंपनीचं ७० टक्के, म्हणून हे सरस" हे विधान १० बियांच्या जोरावर करू नका. नमुना किती मोठा हवा हे आपण कोणता दावा करणार आहोत त्यावर ठरतं.

६. कुंड्या मांडायच्या कशा?

समजा तीन वाणं निवडली: परभणी क्रांती, अर्का अनामिका आणि ओळखीच्या कुणाकडून मिळालेलं गावठी. यातलं एक तुमचा चेक, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची ते. जे वाण तुम्ही आधीपासून लावता तेच चेक ठेवा. 'कशापेक्षा चांगलं?' याचं उत्तर इथे मिळतं. तिन्ही बियाणी ताज्या हंगामाची असू द्या, नाहीतर वाणाचा फरक आणि बियाच्या वयाचा फरक एकमेकांत मिसळेल.

प्रत्येक वाणाच्या चार कुंड्या, एकूण १२. सारख्या मापाच्या, एकाच ढिगातली माती आणि गांडूळखत. भेंडीचं सोटमूळ दुखावतं, म्हणून रोप न करता थेट कुंडीतच पेरा आणि नंतर विरळणी करून प्रत्येक कुंडीत दोन रोपं ठेवा.

आता मांडणी. एका वाणाच्या चारही कुंड्या कठड्याच्या उन्हाच्या बाजूला आणि दुसऱ्याच्या टाकीच्या सावलीत ठेवल्या, तर शेवटी जिंकलं कोण? वाण की ऊन? हे कुणीच सांगू शकणार नाही, आणि कुठलंही सॉफ्टवेअर तो गुंता नंतर सोडवू शकत नाही. म्हणून उन्हाच्या प्रमाणानुसार चार गट पाडा, सगळ्यात जास्त ऊन ते सगळ्यात कमी. प्रत्येक गटात प्रत्येक वाणाची एक कुंडी. गटाच्या आत कोण कुठे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. पुनरावृत्ती, यादृच्छिक मांडणी आणि गट ही तीन तत्त्वं फिशर यांनी इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथे शेतातल्या प्रयोगांवर काम करताना रुजवली. आज औषधांच्या चाचण्याही त्यावरच उभ्या आहेत.

एक सापळा लक्षात ठेवा. एका कुंडीतल्या ३० भेंड्या मोजल्या म्हणजे तुमच्याकडे ३० पुरावे झाले नाहीत. त्या सगळ्यांना एकच माती, एकच पाणी, एकच ऊन मिळालं. इथे पुरावा एक, कारण कुंडी एक. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये परिसंस्थाशास्त्रातले अनेक प्रयोग तपासून या प्रकाराला 'छद्म पुनरावृत्ती' म्हटलं. प्रयोगशाळेतही एकाच नळीतून तीनदा रीडिंग घेऊन तीन नमुने म्हणणारे भेटतील. तुम्ही त्यांच्यात जाऊ नका.

७. आकडे आले, आता?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. 'क' आणि 'ख' या दोन वाणांच्या प्रत्येक कुंडीतून हंगामभरात मिळालेल्या भेंड्या, जास्त उन्हाच्या गटाकडून कमी उन्हाकडे:

- क: ३१, २७, २०, १८ (सरासरी २४)
- ख: २४, २३, २२, २१ (सरासरी २२.५)

सरासरी बघून "क सरस" म्हणावंसं वाटतं. पण गटागटातला फरक बघा: ७, ४, उणे २, उणे ३. फरकाची सरासरी १.५, आणि फरकांचा पसारा त्याच्या कितीतरी पट. एवढ्यावरून क आणि ख यांच्यात सरासरी फरक आहे असं म्हणता येत नाही.

आता आडवं न बघता उभं बघा. 'क' उन्हात जोरात आणि सावलीत मंद, 'ख' सगळीकडे जवळपास सारखं. ही आंतरक्रियेची खूण असू शकते. पण सावधान, हे आपण आकडे बघितल्यावर शोधलं, म्हणून हा निष्कर्ष नाही. ते पुढच्या हंगामाचं गृहीतक आहे. पुढच्या वेळी उन्हात आणि सावलीत दोन्हीकडे प्रत्येक वाणाच्या जास्त कुंड्या ठेवून तेच मुद्दाम तपासायचं.

"कुंडीतल्या भेंडीसाठी एवढा खटाटोप?" असं कुणीतरी म्हणणारच. घरच्या भाजीपुरतं खरंच एवढं करायची गरज नाही, दोन वाणं लावा आणि आवडेल ते ठेवा. पण ज्यांना पुढे शेतातल्या पिकावर पीएचडी करायची आहे त्यांनी हिशेब करा. खरीप वर्षातून एकदाच येतो. पाच वर्षांच्या फेलोशिपमधून कोर्सवर्क आणि लेखन वजा केलं तर हातात तीनेक खरीप उरतात. मांडणी चुकली हे ऑक्टोबरमध्ये कळलं, तर पुढची संधी थेट जूनमध्ये. गच्चीवर हेच शिकायला लागतात १२ कुंड्या आणि तीन पाकिटं.

म्हणून या जूनमध्ये दुकानात जाण्याआधी वहीत चार ओळी लिहा:

१. मला या झाडाकडून नेमकं काय हवंय, आणि ते मी कसं मोजणार?
२. माझ्या जागेत किती तास ऊन आहे, आणि हंगाम कोणता?
३. तुलना कोणत्या वाणाशी?
४. प्रत्येक वाणाच्या किती कुंड्या, आणि चिठ्ठ्या कधी टाकणार?

मग बी आणा. भेंडीचं असेल तर रात्रभर पाण्यात भिजवा आणि सकाळी पेरा.